वाईन टेस्टिंगनंतर घरी परतण्यासाठी भाड्याचा ड्रायव्हर : नाशिकमधील एका सेवेचा अनुभव

गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत संध्याकाळ घालवून इंदिरानगरला आपल्याच गाडीने परतायचे होते, म्हणून आम्ही शहरातील एका एजन्सीकडून ड्रायव्हर मागवला. गाडी आपली, ड्रायव्हर त्यांचा, किमान चार तासांचे भाडे आणि रात्री दहानंतर जादा आकार, अशी ही व्यवस्था आहे.

टेस्टिंगमध्ये घोटभरच तर घेतली, मग ड्रायव्हर कशाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु प्रत्येकी ३० मिलीलीटरचे पाच नमुने चाखले की एक पूर्ण ग्लास वाईन पोटात जाते आणि तेवढ्यानेच सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या रक्तातील अल्कोहोल कायद्याच्या मर्यादेच्या आसपास पोहोचू शकते. वजन कमी असेल तर ती सहज ओलांडली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार ही मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे प्रकरण नाक्यावर चलन भरून मिटत नाही, त्यासाठी न्यायालयात उभे राहावे लागते. गाडी चालवण्याचा प्रयत्न करणेही याच कलमात येते. शिवाय कलम १८८ प्रमाणे, अशा अवस्थेतील माणसाला गाडी चालवण्यास चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते, ही गोष्ट आग्रह करणाऱ्या मित्रांनी अवश्य लक्षात ठेवावी.

आमच्याकडे आलेले ड्रायव्हरदादा मध्यमवयीन आणि शांत होते. त्यांनी आधी स्वतःचे लायसन्स दाखवले, मग गाडीचा विमा आणि पीयूसी पाहिले, किलोमीटर व पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढला आणि सीट व आरसे नीट लावूनच गाडी सुरू केली. गंगापूर रोडवरील गर्दीत त्यांनी एकदाही घाई केली नाही. या कामात मला उणे काढायला जागा दिसली नाही.

उणे आहे ते एजन्सीच्या कारभारात. ड्रायव्हर ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा पोहोचला आणि दरम्यान कार्यालयाचा फोन कोणी उचलला नाही. शहराबाहेर येण्याचे पैसे वेगळे पडतील, हे बुकिंगच्या वेळी सांगितले नव्हते. ते उतरताना कळले. पैशांपेक्षा मला तो उशीर अधिक गंभीर वाटतो, कारण अंधारात पार्किंगमध्ये ताटकळताना आमच्यातील एकजण “जवळच तर आहे, मी हळू नेतो” म्हणून किल्ली मागू लागला होता. कडक कॉफी घेतली, तोंड धुतले, तरी रक्तातले अल्कोहोल लवकर उतरत नाही. त्याला तासच जावे लागतात. ज्या सेवेचा उद्देशच असा प्रसंग टाळण्याचा आहे, तिने वेळ पाळलीच पाहिजे.

बुकिंग सकाळीच करावे, परतीचे भाडे आधी ठरवून मेसेजवर लिहून घ्यावे आणि शक्यतो जातानाही ड्रायव्हरच न्यावा, म्हणजे रात्री वाट पाहण्याचा प्रश्न उरत नाही. शनिवार-रविवारी एजन्सीने दोन ड्रायव्हर वायनऱ्यांच्या परिसरातच थांबवले, तर मी हीच सेवा पुन्हा घेईन.