टॉर्चखाली लाल पेटलं म्हणजे माणिक अस्सल? माझे ६४,३०० रुपये गेले

ठाण्यात रत्नं विकणाऱ्या कुणी जांभळा टॉर्च काढून "बघा, कसं चमकतंय" म्हटलं, की सरळ उठा. आधी हे वाचा, मग माझी अक्कल काढा.

नौपाड्यात एका हॉलमध्ये रत्नांचा सेल लागला होता. सासऱ्यांना माणिक घालायला सांगितलेलं. सव्वापाच रत्तीचा खडा ६१,५०० रुपये, पंचधातूची अंगठी मजुरीसकट २,८००. रोख दिलेत तर जीएसटी वाचेल, विक्रेता म्हणाला. दिले रोख. कोण देत नाही?

त्याने ट्यूब बंद करून जांभळा यूव्ही टॉर्च मारला आणि खडा निखाऱ्यासारखा पेटला. शेजारी दुसरा लाल खडा ठेवला, तो काळाच. "ही काच, हा बर्मा." (म्हणजे म्यानमारचं माणिक.) वर माझीच पाचशेची नोट धरून तिच्यातले चमकणारे धागे दाखवले. "सरकारपण असंच ओळखतं, ताई."

मी भिंग मागितलं. त्याच्या शर्टाच्या खिशातून भिंगाची काळी दोरी बाहेर लोंबत होती, मला दिसत होती! तो म्हणाला, "टॉर्चने दिसलं ना, आता भिंग कशाला?" तेव्हाच उठायला हवं होतं. पण सासरे बोटाचं माप देऊन बसलेले, मागे चार माणसं ताटकळलेली. अशा वेळी दोरीवरून कोण भांडतं?

लाल चमक क्रोमियममुळे येते, आणि कारखान्यातल्या माणकातही क्रोमियमच असतं. फ्रान्सच्या व्हर्न्युईने ही माणकं बनवायची रीत १९०२ मध्येच जाहीर केली होती. ती बऱ्याचदा खाणीतल्यापेक्षा जास्त पेटतात. उलट थायलंडच्या खऱ्या माणकात लोह जास्त, त्याने चमक मारली जाते. विक्रेत्याने खडा काचेचा नाही एवढंच दाखवलं. मी खाणीतला आहे असं ऐकलं.

लॅबवाल्याने (फी १,२००) भिंगाखाली लगेच दाखवलं: गोलाईत वाकलेल्या बारीक रेघा आणि बुडबुडे, म्हणजे माणिक कारखान्यातलं. नैसर्गिक माणकात वाढीच्या रेघा सरळ असतात. आणि हो, पावणेपाच कॅरेटचं एवढं स्वच्छ बर्मी माणिक या पैशात येतच नाही, कित्येक लाख लागतात. हे आम्हाला कोण सांगणार होतं?

पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, "तुम्ही बघूनच घेतलंत ना? हे दिवाणी आहे." फसवणुकीचं कलम ३१८ आहे, म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेत. मग साहेब बंदोबस्तावर. मग "बिल कुठंय?" बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर विक्रेत्याचा पत्ता द्या म्हणतात. पत्ता हॉलचा होता. हॉलवाले म्हणतात आम्ही फक्त भाडं घेतो. सगळे हात झटकून मोकळे, आणि घरी सासरे रोज विचारतात, "माणकाचं काय झालं?"

कच्च्या पावतीवर खडा घेऊ नका. पावतीवर "नैसर्गिक" लिहून घ्या, नुसतं "माणिक" नको. लॅब तुम्ही निवडा, विक्रेत्याने दिलेलं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्राचं कार्ड नको. हिऱ्याचंही तेच: निळी चमक दिसली म्हणून खरा ठरत नाही, बरेच खरे हिरे चमकतच नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

त्याच सेलमध्ये कुणी खडा घेतला असेल तर लॅबमध्ये दाखवून मला कळवा. चौघांचे रिपोर्ट एकत्र नेले तर "दिवाणी आहे" म्हणणं त्यांना जड जाईल.