चॅम्पियनशिप की दुसरी बुंडेसलिगा: हंगामभर कोणती पाहावी?

प्रीमियर लीगच्या पलीकडची, खालच्या श्रेणीतली एखादी फुटबॉल लीग ऑगस्टपासून मेपर्यंत नेटाने पाहायची असेल, तर आमच्या मते निवड दोघींतच करावी: इंग्लंडची चॅम्पियनशिप किंवा जर्मनीची दुसरी बुंडेसलिगा, दोन्ही आपापल्या देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या. दोन्हींचा 2024-25 चा हंगाम शेजारी शेजारी ठेवला की फरक स्पष्ट दिसतो.

आधी वेळेचं गणित, कारण बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. चॅम्पियनशिपमध्ये 24 संघ आणि प्रत्येकाचे 46 सामने, जर्मनीत 18 संघ आणि 34 सामने. हे जादाचे 12 सामने बसवायला इंग्लंडमध्ये मंगळवार-बुधवारच्या रात्री वापरल्या जातात. तिथले पावणेआठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे सव्वा वाजलेले. शनिवारचे दुपारी तीनचे सामने मात्र सोयीचे, आपल्याकडे रात्री साडेआठला. जर्मनीत शनिवारी दुपारी एकचे सामने आपल्याला संध्याकाळी साडेपाचला आणि रविवारचे सहाला दिसतात. शुक्रवारचे रात्री अकराला सुरू होतात. फक्त शनिवारचा रात्रीचा मोठा सामना एक वाजता असतो. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर युरोपातली घड्याळं पुढे असतात, तेव्हा हे सगळं एक तास अलीकडे येतं. हे विसरल्यामुळे पहिला अर्धा भाग हुकतो, म्हणून दोन्ही महिन्यांचे शेवटचे रविवार कॅलेंडरवर नोंदवून ठेवा. जर्मनीत नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. इंग्लंडमध्ये नेमक्या त्याच दिवसांत दर तीन-चार दिवसांनी सामना होतो, संघ दमतात, दुखापती वाढतात आणि गुणतक्ता हलतो.

आता चुरस. चॅम्पियनशिपमध्ये लीड्स आणि बर्नली दोघांचेही 100 गुण झाले आणि लीड्सने गोलफरकावर विजेतेपद घेतलं. बर्नलीने 46 सामन्यांत फक्त 16 गोल खाल्ले. तिसऱ्या शेफील्ड युनायटेडचे, 2 गुण कापले जाऊनही, 90 झाले. हे तिन्ही क्लब नुकतेच प्रीमियर लीगमधून खाली आलेले होते, आणि त्यामागे पैसा आहे. खाली येणाऱ्या क्लबला वरच्या लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नातल्या समान वाट्याच्या पहिल्या वर्षी 55, मग 45 आणि मग 20 टक्के रक्कम मिळत राहते. वर एकच हंगाम काढलेला असेल तर तिसरा हप्ता नाही. पैसा म्हणजे हमी मात्र नव्हे: तसाच नुकताच खाली आलेला लूटन 49 गुणांवर गोलफरकाने मार खाऊन थेट तिसऱ्या श्रेणीत गेला.

जर्मनीत वरचा गट असा सुटून जात नाही. कोलोन 61 गुणांवर विजेता ठरला, तेही शेवटच्या दिवशी हाम्बुर्गला मागे टाकून. हाम्बुर्ग 59 आणि एल्फर्सबर्ग 58. म्हणजे सामन्यामागे कोलोनचे 1.8 गुण, तर लीड्सचे जवळपास 2.2. सात वर्षं खाली अडकलेल्या हाम्बुर्गच्या 57,000 क्षमतेच्या मैदानावर त्या हंगामात जो संघ आला, तोच पुढे सुमारे 13,000 वस्तीच्या एल्फर्सबर्गमध्येही खेळला. दोन मैदानांमधला असा फरक आणि गुणतक्त्यावर एका गुणाचं अंतर, यासाठीच ही लीग पाहावी.

दोन्हीकडे पहिले दोन संघ थेट वरच्या श्रेणीत जातात, त्यामुळे बढतीची तिसरी जागा हा खरा कळीचा मुद्दा. इंग्लंडमध्ये त्या हंगामात तिसरा ते सहावा असे चार संघ त्या जागेसाठी प्लेऑफ म्हणजे बाद फेरी खेळले: उपांत्य फेरी दोन लेगची (एकेक सामना दोघांच्या मैदानावर), अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर एकच. तिथे 76 गुणांच्या संडरलंडने 90 गुणांच्या शेफील्ड युनायटेडला 2-1 हरवलं आणि टॉम वॉटसनचा गोल आला 95व्या मिनिटाला. जर्मनीत तिसऱ्या संघाला वरच्या श्रेणीतल्या सोळाव्याशी दोन सामने खेळावे लागतात. एल्फर्सबर्गने त्या सोळाव्या संघाच्या, म्हणजे हायडनहाइमच्या मैदानावर 2-0 आघाडी घेऊन 2-2 बरोबरी पत्करली आणि घरी 95व्याच मिनिटाला लिओ सिएन्झाचा गोल खाऊन 2-1 हरले. 2009 ते 2025 या 17 लढतींत खालचा संघ फक्त तीनदा जिंकला: न्यूर्नबर्ग, ड्युसेलडॉर्फ आणि युनियन बर्लिन. इंग्लिश पद्धत सहाव्या क्रमांकालाही मेपर्यंत जिवंत ठेवते, जर्मन पद्धत तिसऱ्यावर कठोर आहे. आमच्या मते 14 गुणांनी मागचा संघ वर जाणं हा हंगामभराच्या कष्टांवर अन्याय आहे, पण बघायला त्याहून थरारक काही नाही.

तिथे शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांनी स्टँडचाही विचार करावा. जर्मनीत उभं राहण्याच्या जागा स्वस्त असतात, बिअर हातात घेऊन सामना पाहता येतो, आणि अनेक क्लबांच्या तिकिटातच स्थानिक बस-ट्रामचा प्रवास धरलेला असतो. इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यास बंदी आहे.

पहिल्यांदाच पाहत असाल आणि कुठल्याच क्लबचे नसाल, तर जर्मनी निवडा. एकच क्लब धरून त्याची प्रत्येक दुखापत, जानेवारीत परत बोलावलेला उसना खेळाडू, बदललेला प्रशिक्षक हे सगळं अंगावर घ्यायची तयारी असेल, तर चॅम्पियनशिप. नुकताच खाली आलेला क्लब मात्र शक्यतो टाळा, तो एका वर्षात वर निघून जाण्याची शक्यता बरीच असते. कोणतीही निवडली तरी शेवटचे दिवस दोन्हीकडचे पाहता येतात: 2025 मध्ये चॅम्पियनशिपची शेवटची फेरी 3 मे रोजी संध्याकाळी पाचला होती आणि जर्मनीची 18 मे रोजी सातला, सगळे सामने एकाच वेळी.