घरच्या गणपतीला सी हॉक करू की सी हॅरियर?

देवगडच्या भाच्याचा मेसेज आलाय, मामा यंदा सजावटीत नेव्हीचं जेट करायचंय, कुठलं करू. मालवणात 2023 ला नेव्ही डे झाला तेव्हापासून पोराच्या डोक्यात हेच.

दिसायला हॅरियरच भारी, वादच नाही. त्याच्या पेगासस इंजिनाला चार नॉझल, म्हणजे झोत बाहेर पडायची तोंडं, पुढच्या दोनांतून थंड हवा आणि मागच्या दोनांतून गरम झोत, चारही खाली वळवले की विमान हवेत उभं राहतं आणि सरळ डेकवर उतरतं. पण भरलेल्या वजनाने सरळ वर चढणं त्याला जमत नाही म्हणून विराट या विमानवाहू जहाजाला पुढे तो चढ, स्की जंप, तू प्लायचा तुकडा तिरका लावलास की झालं काम. कठीण आहे ते बाकीचं. पंख खाली झुकलेले, टोकाला बारकी चाकं, आणि पंख दुमडत नाहीत, म्हणजे मखराशेजारी जागा जास्त खाणार. आणि गणपतीवरच्या माटवीला टांगायचा विचारसुद्धा करू नको, तिथे आधीच नारळ आणि कवंडाळाची रानफळं, आई ओरडेल.

सी हॉक बघायला साधं वाटतं, सरळ पंख, शेपटीला भोकच नाही. ते का, तर इंजिन मध्ये आणि धूर पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर, त्यामुळे मागचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा मिळाला, मला तर हीच आयडिया हॅरियरपेक्षा हुशार वाटते. पंख वर दुमडतात, उतरताना डेकवरची तार पकडायला शेपटीखाली हुक, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडायला वाफेचं कॅटापल्ट, म्हणजे विमान पुढे फेकणारं यंत्र. आणि गोष्ट सांगायला 4 डिसेंबर 1971 आहेच, बॉयलरला चिरा असल्याने विक्रांत पूर्ण वेगाने पळू शकत नव्हती तरी याच विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. हॅरियर आपल्याकडे आलं 1983 ला आणि निवृत्त झालं 2016 ला, त्याची युद्धातली कमाई 1982 च्या फॉकलंड युद्धाची, तीही इंग्रजांची.

तेव्हा पंधरा दिवस असतील तर सी हॉकच कर, पुठ्ठा आणि चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काड्या पुरतात. महिना असेल आणि नॉझल फिरते करायची खाज असेल तर हॅरियर, फक्त त्याला हुक लावू नको, त्याला नसतो. आधी एकदा दाबोळीजवळच्या नेव्हीच्या म्युझियमला जाऊन ये, दोन्ही उभी आहेत, सगळ्या बाजूंनी फोटो काढ. पांढऱ्या वाघाचं चित्र दोन्हींवर चालेल, ते नेव्हीच्या 300 नंबरच्या स्क्वाड्रनचं (विमानांच्या तुकडीचं) चिन्ह आणि ती दोन्ही उडवायची. आणि रंग लवकर मार, या पावसात चार चार दिवस वाळत नाही.