खानापूरचे माठ आणि चोर्ल्याचा उतार: ब्रेकवाल्या ट्रेलरचा १० महिन्यांचा अनुभव

दसरा झाल्यावर ट्रेलर घेतला, आता नागपंचमी होऊन गेली. या १० महिन्यांत आमच्या बोलेरोच्या मागे तो साधारण ९,००० किलोमीटर फिरला. माल मातीचा. माठ, कुंड्या, चुली आणि दिवाळीच्या आधी पणत्या. खानापूर तालुक्यातल्या भट्ट्यांवरून भाजलेला माल उचलायचा आणि गोव्यातल्या साखळी, म्हापसा, तसंच सावंतवाडी, कोल्हापूरच्या नर्सरीवाल्यांना पोचवायचा, हा आमचा धंदा. आधी भाड्याचा टेम्पो असायचा. सीझनला तो वेळेवर मिळायचा नाही, म्हणून स्वतःचा ट्रेलर.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये तो बनवून घेतला. दोन चाकं, खाली पाटे, रिकामं वजन २८० किलो, आणि आम्ही ६०० किलोच्या वर माल भरत नाही. तिथं दोन नमुने होते, एक बिनब्रेकचा आणि एक ब्रेकवाला. ब्रेकवाला १८,००० रुपयांनी महाग. मी साध्याचीच ऑर्डर द्यायला निघालो होतो. बायको सोबत होती, ती म्हणाली, "अहो, पाऊण टनाच्या वरचं ओझं मागून ढकलणार आणि थांबवायला एकटी पुढची गाडी? हे मला पटत नाही." तिचं ऐकलं. आज हे लिहायला बसलोय ते त्यामुळेच, असं मी मनापासून मानतो.

ब्रेकची रचना समजायला सोपी आहे. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो. त्या ढकलण्यानेच गाडीला जोडणाऱ्या दांडीतला सरकता भाग आत जातो, तार ओढली जाते आणि ट्रेलरच्या दोन्ही ड्रममधले लायनर, म्हणजे घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, आवळतात. गाडीतून वायर नाही, ऑइलची नळी नाही. जेवढं जोरात थांबाल तेवढा ट्रेलर स्वतःला जोरात धरतो. सपाट रस्त्यावर हे इतकं छान चालतं की मागे काही आहे हे विसरायला होतं. देसूर-मच्छे रस्त्याला रोजच्या खेपा सुरू झाल्या आणि मी खरंच विसरलो.

डिसेंबरात साखळी गावची ऑर्डर होती. खानापूर, जांबोटी, कणकुंबी करत गोव्याकडच्या चोर्ला घाटात उतरलो. गाडी तिसऱ्या गिअरवर, कधी चौथ्यावर, आणि पाय सतत ब्रेकवर. पाच-सहा वळणं गेली तेव्हा जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा असेल असं वाटलं. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते कापसाच्या गादीवर पाय ठेवल्यासारखं खाली खाली गेलं. गाडी हळू होईना. पेडल भराभर तीन-चार वेळा पंप केलं, तेव्हा थोडा दाब आला. दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, मग हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढत डाव्या हाताला रुंद जागा मिळाली तिथं गाडी उभी केली. चाकांखाली दगड लावले. पुढच्या डिस्कमधून धूर येत होता. मागून आलेल्या एका ड्रायव्हरने पाण्याची बाटली काढली, चाकावर ओतायला. मी हात धरला त्याचा, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, तडकतेसुद्धा. पाऊण तास नुसते बसून राहिलो. भट्टी उघडायच्या आधी आम्ही जसे थांबतो तसंच.

परत आल्यावर मच्छ्याच्या मेस्त्रीमामांकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं आणि मला बोलावलं. ऑइल काळपट, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. "शेवटचं कधी बदललास?" मी गप्प. गाडी घेऊन चार वर्षं झालेली, आणि दर सर्व्हिसला वरून भर घातली एवढंच ठाऊक. मामा म्हणाले, "वढतंय म्हणून भुललास बघ. थांबतंय का, ते बघितलास काय कधी?"

मग त्यांनी समजावलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात ट्रॉली, ट्रेलर ओढणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर इंजिन ऑइलची तारीख सांगतील, ब्रेक ऑइलची नाही. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डबीचं झाकण बंद असलं तरी रबरी होजमधून, झाकणाच्या भोकातून ओल शिरतच राहते, आणि आमच्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागात, १४० अंश ही काही मोठी गोष्ट नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं, पेडल बरं वाटतं, आणि माणूस समजतो की झालं, काही नव्हतं.

मी घरी येऊन हिशेब केला. गाडी, आम्ही दोघं आणि भरलेला ट्रेलर मिळून २,९०० किलोच्या आसपास. एवढं वजन ३०० मीटर उंची उतरलं की जी उष्णता होते, तिच्यात २५ लिटर गार पाणी उकळीला येईल. एक मोठी घागरभर! इंजिनला यातला वाटा दिला नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. वेगाचंही तसंच आहे. ४० ऐवजी ६० च्या वेगाने जात असलात तर थांबवायची ताकद दीडपट लागत नाही, सव्वादोन पट लागते.

त्या दिवशी सगळं ऑइल काढून डॉट ४ भरलं, नळ्यांतली हवा काढली. बोलेरोला मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने दाब तयार होतो तिथून, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एबीएसच्या गाड्यांना कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो, तो बघून घ्या. डबीवर जो डॉट लिहिलाय त्याच जातीचं ऑइल, तेही सीलबंद बाटलीतलं. उघडून ठेवलेली अर्धी बाटली गॅरेजच्या फळीवर असते ती नको. आणि इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही त्यात पडता कामा नये, आतली सगळी रबरं फुगून जातात. आता दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय, तारीख डबीजवळ पट्टी चिकटवून लिहिली आहे.

पुढचे पॅड ३ मिलिमीटरवर आले होते, ते जोडीने बदलले. एकाच बाजूचा कधी बदलू नका, गाडी एका अंगाला ओढते. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ शाबूत. नुसतं बाहेरून डोकावून बघणाऱ्याला पॅड चांगलाच दिसला असता. मागच्या डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरून लायनर भिजलेलं. मामा म्हणाले, पॉलिश पेपर मारून काही होत नाही, ऑइल आत मुरलेलं असतं. सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे घातले. सगळं मिळून जेवढे पैसे गेले तेवढे एका खेपेच्या फुटलेल्या मालात जातात.

आता चोर्ला उतरताना कणकुंबी मागे पडली की दुसरा गिअर. जास्त उताराला पहिला. ब्रेक धरून ठेवायचा नाही. नेटाने दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, मध्ये चाकांना गार व्हायला वेळ द्यायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे आमच्याकडे कमी नाहीत. इंजिन बंद झालं की पेडल हलकं करणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरता साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. कृपा करून हे करू नका.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती, वापरून कळली. गिअरवर उतरताना गाडीचे ब्रेक सुटतात, पण ट्रेलरचे सुटत नाहीत. तो गाडीवर रेलून असतो, म्हणजे दांडी सतत आत दाबलेली, म्हणजे त्याचे लायनर सगळा उतारभर घासत राहतात. हा या जातीच्या ब्रेकचा स्वभावच आहे. जानेवारीत बोलेरोच्या डिस्क बऱ्यापैकी गार होत्या आणि ट्रेलरच्या ड्रमजवळ हात नेववत नव्हता. म्हणून घाटात दोनदा थांबतो. थांबल्यावर हाताची मागची बाजू हबच्या जवळ नेतो, चिकटवत नाही. दोन्ही बाजू सारख्या गरम असल्या तर ठीक. एक तापलेली आणि एक गार असेल तर गारवाली काम करत नाही किंवा तापलेली अडकली आहे. हबचा मधला भागच जास्त तापला असेल तर बेअरिंग बघायचं. मे महिन्यात असंच उजवं बेअरिंग सापडलं, ग्रीस सुकून गेलं होतं.

ट्रेलर हलण्याचा प्रकार फेब्रुवारीतला, हायवेवर. काकतीच्या पुढे वंटमुरी घाटाकडे जाताना एक बस जोरात बाजूने गेली आणि ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागला. मी ब्रेक मारला, तर झुलणं वाढलं. मग पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग ७० वरून उतरत गेला तसा तो शांत झाला. थांबून ताडपत्री काढली तर ११ माठ फुटलेले. कारण लगेच दिसलं. पोरांनी जड कुंड्या मागच्या फळीजवळ रचल्या होत्या आणि पुढे हलका पेंढा आणि पणत्या. मागे वजन गेलं की दांडी वर उचलते आणि शेपूट हलायला लागतं.

तेव्हापासून जड माल चाकांच्या एक्सलच्या वर आणि किंचित पुढे. दांडीचं टोक आमच्या दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर टेकवून वजन घेतो. भरलेला ट्रेलर ८८० किलोचा असतो तेव्हा टोकावर ७० ते ८० किलो येईल असं रचतो. एवढं वजन तुमच्या गाडीच्या हुकाला झेपतं का आणि गाडी किती ओढू शकते, हे गाडीच्या पुस्तकात बघा. वेग ६० च्या वर नेत नाही, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. या एका बदलानंतर फुटलेला माठ क्वचितच दिसतो.

आता तक्रारी. पहिली रिव्हर्सची. मागे घेताना ट्रेलर ढकलला जातो, ब्रेक लागतात आणि चढावर तो अडून बसतो. त्यासाठी दांडीला एक खिटी दिली आहे, ती घातली की ब्रेक लागत नाहीत. पण काढायची राहिली तर पुढे जातानाही ब्रेक नाहीत! जांबोटीत एकदा अशीच राहिली, नशिबाने लगेच ध्यानात आलं. आता त्या खिटीची लाल चिंधी आहे. खिटी जागेवर अडकवली की चिंधी सोडून स्टिअरिंगला बांधायची, काढली की परत खिटीला. चिंधी समोर दिसते तोवर गाडी रस्त्याला लागत नाही. बनवणाऱ्याने हे आपोआप सुटेल असं करायला हवं होतं.

दुसरी, सरकत्या भागावर रबरी बूटच नव्हता. जूनमध्ये तांबड्या चिखलाने तो भाग इतका घट्ट झाला की ब्रेक लागले की सुटेनात. उघडून धुतला, ग्रीस भरलं, टायरची ट्यूब कापून बूट चढवला, वर पट्ट्या आवळल्या. दोन महिने झाले, आत चिखल नाही. वर्कशॉपवाल्याला दाखवलं, तो नव्या ट्रेलरला घालतो म्हणाला.

दिव्यांच्या वायरिंगची अर्थिंग पावसात दोनदा गेली, सॉकेट घासून पुसून चालू झालं. नवी चाकं लावली की ५०-१०० किलोमीटरवर नट परत आवळायचे, समोरासमोरचे. दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून ओलांडून लावतो, म्हणजे हूक सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. हूक बसल्यावर दांडी हाताने वर उचलून बघणं तर रोजचंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनातच धरला आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी केली. गोव्यात केरीला एकदा गाडी अडवली तेव्हा बेळगाव पासिंगचे, केए २२ चे दोन्ही कागद दाखवले आणि पाच मिनिटांत सुटलो.

पावसाळ्यात चोर्ल्याला धुकं असतं, समोरचं अंतर दुप्पट ठेवतो. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही, म्हणून पुढे आल्यावर हलका पाय ठेवून ते वाळवून घेतो.

परत घ्यायचा झाला तर ब्रेकवालाच घेईन. दिवाळीच्या पणत्यांच्या खेपा सुरू व्हायच्या आधी ट्रेलरचे लायनर उघडून बघायचे आहेत, मामांना सांगून ठेवलंय. परवा मेहुणा चार दिवसांसाठी ट्रेलर मागायला आला. त्याला आधी स्वतः हूक लावायला लावला, साखळ्या घालायला लावल्या, खिटी घालून रिव्हर्स घ्यायला लावलं. चिंधी त्याने स्टिअरिंगला बांधली, पुढे निघण्याआधी न सांगता खाली उतरून खिटी काढली, तेव्हा कागद त्याच्या हातात दिले.