जुन्या गावनावांसाठी ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक की वेबट्रीज?

मुंबईतल्या घरात वंशावळ लिहायला घेतली की साधारण असे कागद निघतात: पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मु. पो. आचरा, ता. मालवण, जि. रत्नागिरी’, आत्याच्या लग्नपत्रिकेवर ‘डिलाइल रोड’, काकांच्या इंग्रजी पासपोर्टवर ‘बॉम्बे’. आज आचरा सिंधुदुर्गात आहे, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला आहे आणि बॉम्बे १९९५ पासून इंग्रजीतही मुंबईच. कागद चुकीचे नाहीत आणि आजचा नकाशाही चुकीचा नाही. म्हणून ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक आणि वेबट्रीज यांतून वंशावळीचे सॉफ्टवेअर निवडताना रंगीत वंशवृक्ष आणि देखणे अहवाल जरा बाजूला ठेवा. जागा एकच, पण तिची नावे आणि जिल्हे काळाप्रमाणे बदलतात, हे त्या सॉफ्टवेअरला कळते का ते आधी बघा.

कसोटीला तीन जागा पुरतात. पहिली आचरा: मालवण तालुका १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला. दुसरी वांद्रे: १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याचा साष्टी तालुका, मग मुंबई उपनगर जिल्हा, १९५० मध्ये महापालिकेच्या वाढीव हद्दीत, आणि १९९० मध्ये मुंबईचे शहर व उपनगर असे दोन जिल्हे झाल्यावर पुन्हा उपनगर जिल्ह्यात. तिसरी आणि सर्वांत फसवी कुलाबा. अलिबागच्या किल्ल्यावरून नाव पडलेल्या कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड झाले, पण दक्षिण मुंबईतला कुलाबा जागच्या जागी राहिला. ‘जन्म: कुलाबा’ एवढेच लिहून नकाशाला विचारले, तर अलिबागकडचे माणूस खुशाल कफ परेडच्या शेजारी जाऊन बसते. दोन्हींचे रेखांश जवळपास सारखे आणि सरळ रेषेत अंतर तीसेक किलोमीटर, त्यामुळे लहान नकाशावर चूक नजरेलाही येत नाही.

रूट्समॅजिक

इथे एक जागा म्हणजे एक ओळ. ‘आचरा, मालवण, रत्नागिरी’ ही एक जागा आणि ‘आचरा, मालवण, सिंधुदुर्ग’ ही दुसरी. प्रत्येक ओळीला अक्षांश-रेखांश, प्रमाणित नाव आणि टीप जोडता येते. त्याखाली ‘जागेचा तपशील’ म्हणून चाळ, रुग्णालय किंवा स्मशानभूमी वेगळी नोंदवता येते. बीडीडी चाळ क्रमांक लिहायला ही सोय खरोखर चांगली आहे. पण नावाला तारीख देता येत नाही. रत्नागिरीची ओळ कधीपर्यंत खरी, हे टिपेत लिहायचे आणि स्वतःच लक्षात ठेवायचे. घटनेच्या तारखेशी जिल्हा जुळतो का, हे तपासणारी सोयही आहे, पण भारतातल्या जिल्ह्यांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

यातला खरा धोका ‘एकत्र करा’ या बटणात आहे. यादीत आचरा दोनदा दिसला की हात शिवशिवतात. एकत्र केले की १९३० चा जन्म सिंधुदुर्गात जातो आणि मूळ दाखल्यावर काय होते, ते पुसले जाते. यावर उपाय साधा: दोन्ही ओळी तशाच ठेवा, दोन्हींना तेच अक्षांश-रेखांश द्या आणि प्रमाणित नावाच्या रकान्यात दोन्हीकडे आजचे नाव भरा.

ग्रॅम्प्स

मोफत, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारे. पहिले दोन दिवस डोके उठवते, हे आधीच सांगितलेले बरे. पण वरच्या तिन्ही जागा नीट मांडता येतात त्या इथेच, कारण इथे प्रत्येक पातळी ही स्वतंत्र नोंद असते आणि ‘ही जागा कशाच्या आत’ या दुव्याला तारीख देता येते.

आचऱ्यासाठी क्रम असा. आधी रत्नागिरी व सिंधुदुर्ग अशा दोन जिल्ह्यांच्या नोंदी करा. मग मालवण तालुका. त्याच्या ‘कशाच्या आत’ या टॅबमध्ये रत्नागिरी जोडा, तारीख ३० एप्रिल १९८१ पर्यंत. सिंधुदुर्ग जोडा, तारीख १ मे १९८१ पासून. आचरा नुसता मालवण तालुक्याच्या आत ठेवा, त्याला तारीख नको. उद्या चुलत घराण्याचे मसुरे किंवा आणखी कुठले गाव निघाले तरी ते तालुक्याला जोडले की काम संपले. जिल्ह्याचा इतिहास एकदाच लिहायचा. सावंतवाडीला तीन दुवे लागतील: १९४८ पर्यंत संस्थान, मग रत्नागिरी, मग सिंधुदुर्ग. तालुका, संस्थान, वाडी, चाळ हे जागांचे प्रकार यादीत नसतील तर स्वतः टाइप करा, ते स्वीकारले जातात.

चुका ठरावीक जागी होतात. दोन दुव्यांपैकी एकाला तारीख द्यायची राहिली, तर तो दुवा कायमचा लागू धरला जातो आणि जुन्या घटनाही त्याच जिल्ह्यात दिसू लागतात. दोन दुवे एकाच काळात लागू असतील (वांद्र्याला जिल्हाही आहे आणि महापालिकाही), तर यादीत वर असलेला दाखवला जातो. जिल्हा वर ठेवा. जागेचे शीर्षक आपोआप तयार करण्याचा पर्याय बंद असेल, तर ही सगळी मेहनत पडद्यावर दिसतच नाही. आणि नुसते ‘१९८१’ लिहिलेला मालवणचा जन्म कोणत्या जिल्ह्यातला, हे कोणतेच यंत्र सांगणार नाही. तिथे कागद परत काढायचा.

पर्यायी नावांना तारखेबरोबर भाषाही देता येते, आणि मुंबईसाठी हे मोलाचे आहे. ‘बॉम्बे’ हे नुसते १९९५ आधीचे जुने नाव म्हणून भरू नका. मराठी कागदांत ते तेव्हाही मुंबईच होते. मराठी भाषेतले ‘मुंबई’ तारखेविना ठेवा, इंग्रजीतले नाव मात्र १९९५ ला तोडा. वसई-बसीन किंवा वांद्रे-बँड्रा यांना तर तारखेची गरजच नाही, तो फक्त भाषेचा फरक. याउलट एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तिथे तारीख हवीच.

वेबट्रीज

हे स्वतःच्या वेबसाइटवर चालते. पीएचपी आणि मायएसक्यूएलसारखा डेटाबेस असलेले होस्टिंग लागते, म्हणजे दरवर्षी थोडा खर्च आणि अद्ययावत करण्याची कटकट. बदल्यात डोंबिवलीची मावशी, पुण्याचा पुतण्या आणि दुबईचा मामेभाऊ तोच वृक्ष ब्राउझरमध्ये पाहू शकतात, आणि हयात माणसांची माहिती झाकून ठेवता येते. जागांची उतरंड मात्र स्वल्पविरामांवरून बनते. ‘जि. रत्नागिरी’ आणि ‘रत्नागिरी’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे जिल्हे, म्हणून ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ जागेच्या रकान्यातून काढून मूळ मजकूर स्रोताच्या टिपेत उतरवा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नावाला तारीख नाही. व्हेस्टा नावाचे जोड-मॉड्यूल जागांच्या स्वतंत्र नोंदींची सोय देते, पण ते बसवायला थोडी तांत्रिक सवय हवी.

नकाशावर टिंब ठेवताना

तिन्हींत पार्श्वभूमीला आजचा नकाशा असतो, त्यामुळे पाडलेली चाळ किंवा धरणाखाली गेलेले गाव शोधून सापडणार नाही. अक्षांश-रेखांश स्वतः भरायचे. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेव आणि नवे पळसदेव या दोन वेगळ्या जागा धरा. दशांशानंतर तीन अंक म्हणजे साधारण ११० मीटर, गावाला पुरे; चाळीला चार किंवा पाच द्या. हे आकडे इंग्रजी अंकांतच (0 ते 9) टाका. आकडे उलटे पडले (७२.८ अक्षांश, १८.९ रेखांश) तर मुंबईकर पूर्वज नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात तरंगताना दिसतात, टिंब तिथे दिसले की समजायचे काय झाले ते.

जुना सर्वेक्षण नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवायचा असेल, तर खुणेचे बिंदू म्हणून देवळे, किल्ले, तलाव घ्या. मुंबईची किनाररेषा घेऊ नका. भरणीने ती इतकी सरकली आहे की सगळा नकाशाच तिरका बसतो.

देवनागरीचा एक छुपा त्रास तिन्हींत आहे. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा. यादीत एकच नाव दोनदा दिसले तर एकातून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट करा, पुन्हा टाइप करत बसू नका.

मग कोणते घ्यावे

पाच-सहा गावे, एकच जिल्हा आणि छापील अहवाल एवढेच हवे असेल, तर रूट्समॅजिक पुरे. फक्त विकत घेण्याआधी देवनागरीतले एक पान छापून बघा. कोकण, संस्थान, साष्टी आणि गिरणगाव असा पसारा असेल तर ग्रॅम्प्सच, शिकायला वेळ लागला तरी. नातेवाइकांना दाखवायला वेबट्रीज, पण मूळ नोंद ग्रॅम्प्समध्ये आणि प्रवास एकाच दिशेने. दोन्हीकडे दुरुस्त्या सुरू झाल्या की महिनाभरात कोणती प्रत खरी, हे कुणालाच सांगता येत नाही.

हा प्रवास गेडकॉम फाइलीतून (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला साचा) होतो आणि त्यात बरेच गळते. घटनेबरोबर जागेची एक सपाट ओळ आणि अक्षांश-रेखांश जातात. दुव्यांच्या तारखा आणि पर्यायी नावे मागेच राहतात. म्हणून ग्रॅम्प्सची स्वतःची एक्सएमएल प्रत दर वेळी वेगळी जपून ठेवा. गेडकॉम फाइलीचा अक्षरसंच देवनागरी सांभाळणारा यूटीएफ-८ आहे ना, हे पाहा; कुठे जुना ॲन्सेल हा अक्षरसंच आला तर आचऱ्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. पहिल्यांदा पूर्ण वृक्ष पाठवू नका. आचरा, वांद्रे आणि अलिबागच्या तीनच माणसांची फाइल पाठवून तिकडे काय पोचले ते आधी बघा.