कॅम्बर प्लेट: रस्ता आणि ट्रॅक यांच्यातील तडजोड

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला, चाकाला वरून आधार देणारा खांब) असलेल्या बहुतेक गाड्यांत कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर असलेला कल, बदलण्याची मूळ सोय नगण्य असते. त्यामुळे एकच गाडी रोज रस्त्यावर आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवर चालवणाऱ्याने स्ट्रटच्या माथ्यावर बसणाऱ्या, सरकवता येणाऱ्या कॅम्बर प्लेटवर आधी खर्च करावा, असे माझे मत आहे. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि टायरची बाहेरची कड भरडली जाते. पुढच्या चाकांना उणे २ ते २.५ अंश कॅम्बर (माथा आत झुकलेला) दिल्यावर हा भार टायरच्या रुंदीवर अधिक समान पसरतो आणि गाडी वळणात उत्सुकतेने शिरते.

मात्र प्लेटवरील खुणांवर विसंबून ट्रॅकवर कॅम्बर बदलणे मला पटत नाही, कारण स्ट्रटचा माथा सरकवला की टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, तोही बदलतो, आणि रस्त्यावर टायर खातो तो बहुधा कॅम्बरपेक्षा चुकीचा टोच. म्हणून मी एकच सेटिंग कायम ठेवतो: पुढे टो शून्य, मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली). पुढे टो-आउट (पुढची कड बाहेर वळलेली) दिल्यास स्टिअरिंग तत्पर होते खरे, पण सरळ महामार्गावर गाडी भरकटते. अलाइनमेंट (चाकांचे हे कोन जुळवणे) करताना चालकाच्या वजनाएवढा भार आसनावर ठेवायला सांगावे. कारागीर हे आपणहून क्वचितच करतात.

उणीव एकच, पण रोज जाणवणारी: स्ट्रटच्या माथ्यावरील, धक्के शोषणाऱ्या रबर बुशच्या जागी धातूचे गोलाकार बेअरिंग आल्याने खडबडीत रस्त्यावर खडखडाट ऐकू येतो आणि धूळ-पाणी शिरल्यावर तो वाढतो. शांतता प्रिय असणाऱ्याने रबर बुश राखणारी प्लेट निवडावी.