ती लाल बेल कुठंच वाजत नव्हती

मी 71 वर्षांची निवृत्त शिक्षिका. आमचे हे 76 वर्षांचे, उभी नोकरी वीज मंडळात लाइनमन म्हणून केलेली. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. 2023 च्या दिवाळीनंतर अंबाजोगाईचं घर भाड्यानं देऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरपासून बाराएक किलोमीटरवर, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका संकुलात राहायला गेलो. तिथं आमची फसवणूक झाली. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण मुलं बाहेरगावी असलेली आमच्यासारखी कितीतरी माणसं अशा ठिकाणी आयुष्याची पुंजी घालताहेत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून संकुलाचं नाव लिहीत नाही.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवला. न्हाणीघरात धरायला दांड्या, न घसरणारी फरशी आणि कमोडशेजारी लाल बटण. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘आजी, दाबून बघा.’’ मी दाबलं. दोन मिनिटांत गणवेशातली एक मुलगी धावत आली. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 1993 साली ह्यांची बदली औशाला होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे, लोक गणपती बोळवून नुकते झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. हाक मारली आणि कुणी आलं नाही म्हणजे काय होतं, ते मी त्या आठवड्यात पाहिलंय. त्यामुळं ‘दोन मिनिटांत माणूस’ हे शब्द माझ्यासाठी सगळ्या सोयींच्या वर होते.

माहितीपत्रकात चोवीस तास परिचारिका, स्वतःची रुग्णवाहिका, जनरेटर, प्रत्येक घरात आपत्कालीन बेल असं सगळं छापलेलं होतं. ठेव 9 लाख, शिवाय दोघांचे जेवणासह महिना 24 हजार. करार सतरा पानी, इंग्रजीत, स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला. मुलानं मोबाइलवर वरवर वाचला. मी सही केली. चाळीस वर्षं मुलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असं शिकवलं आणि स्वतः तेच केलं नाही, याची बोच अजून जात नाही.

राहायला गेल्यावर दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक, बेल गरजेशिवाय दाबायची नाही. खोटी बेल दाबली तर पाचशे रुपये दंड. दुसरी, घरात इन्व्हर्टर लावायचा नाही, बॅटरीमुळं आगीचा धोका असतो. ह्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. ते यंत्र विजेवरच चालतं. हे म्हणाले, ‘‘माझ्या मशीनपुरता लहान इन्व्हर्टर तरी लावू द्या.’’ उत्तर आलं, ‘‘काका, जनरेटर आहे ना.’’ या दोन नियमांचा अर्थ आम्हाला पावणेदोन वर्षांनी कळला. दंडाच्या धाकानं कुणीच बेल तपासली नाही, आणि इन्व्हर्टर नसल्यानं सगळेच त्यांच्या जनरेटरवर विसंबून राहिलो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कसा कोसळला ते इथं कुणाला सांगायला नको. बीड, धाराशिवकडची शेतं वाहून गेली, जायकवाडीतून पाणी सोडणं चालू होतं. अशाच एका रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली. मशीननं वीज गेल्याचा आवाज केला आणि बंद पडलं. मी जनरेटरची वाट पाहत बसले. दारातून बघते तर जिन्यातले दिवे लागलेले, लिफ्ट चालू, घरात मात्र अंधार. जनरेटर फक्त सामायिक जागेला जोडलेला होता. घरांना त्याची वायर आलेलीच नव्हती.

मी लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबूनच धरलं. ह्यांचा श्वास उथळ होत चालला होता, ओठ निळसर दिसत होते. अंधारात मोबाइलच्या उजेडात मी त्यांना उशांना टेकवून बसतं केलं आणि अनवाणी खाली धावले. परिचारिकेच्या खोलीला कुलूप. गेटवर एकटा रखवालदार, गावाकडचा पोरगा. तो म्हणाला, ‘‘आजी, मला गेट सांभाळायलाच ठेवलंय. बेलचं मला कुणी काय सांगितलंच नाही.’’ रुग्णवाहिका उभी होती. चालक रात्री घरी जातो आणि किल्ली व्यवस्थापकाकडे असते. व्यवस्थापकाचा फोन बंद.

मी 108 ला फोन लावला. समोरच्या मुलीनं शांतपणे सगळं विचारून घेतलं, पण पत्ता सांगताना मीच अडखळले. संकुलाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, गट नंबर मला पाठ नव्हता, जवळची खूण कोणती तेही सुचेना. शेवटी रखवालदारानं फोन घेतला आणि फाटा, पूल, पाण्याची टाकी असं सांगितलं. नाल्याला पाणी आल्यामुळं गाडीला वळसा घेऊन यावं लागणार होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले चालक, आवाज ऐकून खाली आले. त्यांनी स्वतःची गाडी काढली. सरकतं गेट विजेवर चालणारं, ते अर्ध्यावर अडकलेलं. त्या दोघांनी मिळून ते हातानं ढकललं. दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. अकरा दिवस हे अतिदक्षता विभागात आणि वॉर्डात होते. वाचले. त्या एसटीवाल्या भावाचे उपकार मी विसरणार नाही.

परत आल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर पेचकस मागितला. बेलची पट्टी उघडली. मागं वायरच नव्हती. नळीत तार न ओढताच भिंतीला बटण बसवलेलं होतं. मग शेजाऱ्यांच्या परवानगीनं ह्यांनी आणखी अकरा घरांतल्या बेल उघडून पाहिल्या. जोडलेल्या निघाल्या तीन, आणि तिन्ही नमुन्याच्या फ्लॅटच्या मजल्यावरच्या. प्रत्येकीचे फोटो काढले. जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्यांचे काटेही पाहिले, चारांपैकी दोनांचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलेला. ‘एकत्र जमण्याची जागा’ अशी पाटी होती, तिच्या खाली वाळूचा ढीग. आग लागली तर बाहेर कसं पडायचं याचा दोन वर्षांत एकदाही सराव झालेला नव्हता.

जाब विचारायला गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी कराराचं चौदावं पान काढलं. ‘रहिवासी स्वतंत्र व स्वावलंबी असून त्याच्या वैद्यकीय गरजांची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही.’ माहितीपत्रकातल्या सोयी ‘उपलब्धतेनुसार’. आणि आठ दिवसांनी आम्हाला पत्र आलं: काकांची प्रकृती आता स्वावलंबी राहिलेली नाही, तरी तीस दिवसांत घर सोडावं. ठेवीतून वर्षाला दहा टक्के घसारा, वर रंगरंगोटीचे साठ हजार, आणि उरलेले पैसे नवा रहिवासी आल्यावर. हे पत्र वाचून जेवढं दुःख झालं तेवढं त्या रात्रीही झालं नव्हतं. ‘स्वतंत्र’ हा शब्द जाहिरातीत आमच्या सन्मानाचा होता. संकटात तोच त्यांनी आमच्यावर उलटवला.

पुढं काय केलं ते लिहिते, कारण आम्ही सुरुवातीला चुकीच्या दारात गेलो. कुणीतरी सांगितलं, प्रांताधिकाऱ्यांकडे जा, ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. कायदा चांगला आहे, पण त्यातलं न्यायाधिकरण मुलांनी किंवा वारसांनी सांभाळ न केल्यास निर्वाहासाठी आहे. संस्थेनं पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर ती सेवेतली त्रुटी, आणि तिची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे लागते. 50 लाखांपर्यंतचा मोबदला दिलेला असेल तर जिल्ह्यातच तक्रार होते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. 9 लाखांच्या व्यवहाराला आम्हाला फी पडली 200 रुपये. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ज्येष्ठांच्या 14567 वर बोलले, दोन्हीकडे नीट माहिती मिळाली. पण 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रात्रीच्या संकटाला 108 किंवा 112, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.

वकिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान सोयी ठरवून दिल्या आणि त्या विक्री करारात लिहिणं बंधनकारक केलं. आमच्या संकुलानं घर विकलंच नाही, ठेव घेऊन ‘राहण्याची परवानगी’ दिली, त्यामुळं तो आधार आम्हाला सरळ मिळत नाही. मात्र असा लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीकृतच असावा लागतो, नोंदणी करायची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते, आणि ती केली नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, समोरच्यानं उलट सिद्ध करेपर्यंत. आमचा करार नुसता नोटरी होता. चौदाव्या पानाविरुद्ध आमच्या हातात आज हेच सगळ्यात मोठं हत्यार आहे. आणि माहितीपत्रक. ते मी जपून ठेवलं होतं, टाकलं असतं तर बोलायला जागाच उरली नसती.

तुम्ही कुठं आई-वडिलांना ठेवणार असाल किंवा स्वतः जाणार असाल, तर नमुन्याच्या फ्लॅटवरून काही ठरवू नका. जे घर मिळणार त्याच घरातली बेल दाबा, तीही रात्री. एक रात्र पाहुणे म्हणून राहू द्या म्हणा; नाही म्हणाले तर उठून या. मेन स्विच पाडायला लावा आणि कुठले दिवे जळतात ते बघा. रात्री रुग्णवाहिकेचा चालक कुठं झोपतो, गेटची किल्ली कुणाकडे असते, हे व्यवस्थापकाला विचारू नका, रखवालदाराला विचारा. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्याची प्रत मागा. प्रकृती ढासळली तर राहू देणार की काढणार आणि ठेव किती दिवसांत परत, हे दोन मुद्दे मराठीत लिहून घ्या.

आम्ही अंबाजोगाईला परत आलो, तळमजल्यावर. ह्यांच्या उशाशी आता इन्व्हर्टर आहे आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर. त्यात दीड हजार लिटर असतो, मिनिटाला 2 लिटरनं साधारण बारा तास पुरतो. दाराच्या आत मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता आणि जवळची खूण लिहून चिकटवलीय, घाबरल्यावर मला आठवत नाही म्हणून.

तक्रारीत बेलचे फोटो दिलेत, आणि त्या अकरांपैकी पाच घरांनी प्रतिज्ञापत्रं दिलीत. बाकीच्यांना ठेव अडकण्याची भीती वाटते, त्यांना मी दोष देत नाही. तिथं राहिलेल्यांनी वर्गणी काढून रात्रीसाठी जवळच्या गावातला एक मुलगा ठेवलाय. गेटची दुसरी किल्ली आता त्याच्याकडे असते.